मिश्र लघुपट : संगणकीय ॲनिमेशन व प्रत्यक्ष चित्रण

कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या दृश्यात संगणकावर घडवलेले पात्र, वस्तू किंवा देखावा मिसळून केलेला छोटा चित्रपट. दोन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच उजेडात आहेत असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे, ही त्याची कसोटी. ती बहुतेकदा संगणकापुढे बसण्याआधी, शूटिंगच्या जागेवरच साधते किंवा हुकते. सातारा व सांगली जिल्ह्यांतली लोकेशन या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

निर्जीवाला पडद्यावर हलते करण्याची ओढ मराठी मुलखात जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात एकेक चौकट टिपत आगकाड्या नाचवल्या. सांगलीचा धागा त्याहून मागे जातो. १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या बाहुल्यांना रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंच मिळवून दिला आणि महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातला तात्या विंचूही त्यांनीच साकारला. बाहुला सेटवर प्रत्यक्ष हजर होता, त्यामुळे समोरच्या नटाला नजर ठेवायला खरे डोळे होते. त्याच वर्षी आलेल्या ‘जुरासिक पार्क’मधले काही डायनासोर मात्र संगणकावर तयार झालेले होते, त्या दृश्यांत नटांना रिकाम्या जागेकडे पाहून घाबरावे लागले.

नजर चुकली की सगळा मेळ फसतो. कितीही सुबक ॲनिमेशन केले तरी नट पात्राच्या डोक्यावरून पाहत असेल, तर ते पात्र तिथे नाही हे लहान मूलही ओळखते. म्हणून पात्राच्या उंचीची काठी, तिच्या टोकाला चेंडू किंवा पुठ्ठ्याचे तोंड लावून, कुणीतरी धरून उभे राहते. आधी काठीसह तालीम होते, मग काठी बाजूला करून टेक घेतला जातो. पात्र चालणार असेल तर काठीही त्याच वेगाने चालवावी लागते.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याच्या हालचालीचा. कॅमेरा सरकला की संगणकातला कॅमेराही तसाच सरकला पाहिजे. त्यासाठी सॉफ्टवेअर चित्रातले स्थिर ठिपके धरून त्यांचा माग काढते. याला ट्रॅकिंग म्हणतात. वाईजवळ मेणवलीचा घाट यासाठी फार सोयीचा आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या काळ्या दगडी पायऱ्या, त्यांच्या धारदार कडा, मंदिरांचे कोपरे, सारे जागच्या जागी असते. ‘स्वदेस’च्या (२००४) शूटिंगमुळे हा घाट अनेकांना पडद्यावरून परिचित आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या (१९२९) कमानीही तशाच भरवशाच्या. पण पुलाखालचे कृष्णेचे पाणी सॉफ्टवेअरला चकवते, कारण तिथला प्रत्येक ठिपका वाहतो. शिवाय पात्र काठावर उभे केले तर त्याचे प्रतिबिंबही पाण्यात, लाटांवर मोडत, दाखवावे लागते. वाऱ्यावर डोलणारा उभा ऊस याहून अवघड. अशा फडात जमिनीवर चुन्याच्या खुणा करणे किंवा कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवणे हाच शहाणपणा. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या फिरत्या पात्यांवरचे ठिपकेही वगळावे लागतात. मोबाइलसारखे अनेक कॅमेरे चौकट एकदम न टिपता ओळीओळीने टिपतात, त्यामुळे कॅमेरा झपकन फिरवला की पवनचक्कीचा सरळ खांबसुद्धा तिरका होतो.

तिसरी गोष्ट उजेड. कासच्या जांभ्या दगडाच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी ढगांमुळे प्रकाश मिनिटामिनिटाला बदलतो. प्रत्येक शॉटनंतर, पात्र जिथे यायचे तिथेच एक करडा आणि एक चकचकीत गोळा धरून चित्रित करायची पद्धत आहे. करड्या गोळ्यावरून सावलीची दिशा व धार कळते, चकचकीत गोळ्यात भोवतालचे सारे आकाश उतरते. लेन्स कोणती, कॅमेरा जमिनीपासून किती उंच, किती वाजले, हे वहीत लिहून ठेवावे. ही नोंद नसेल तर नंतरचे काम अंदाजावर चालते, आणि सावली खोटी पडल्याशिवाय राहत नाही. (कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथे फुलांत पाय घालून खुणा मांडायच्या नसतात. कमी शॉटमध्ये भागवावे.)

वेळेचा हिशेब आधीच मांडावा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर पात्र एक मिनिट दिसण्यासाठी १,४४० चौकटी लागतात. एका चौकटीच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने तिचे अंतिम चित्र तयार करायला, दहा मिनिटे लागली, तर एकच संगणक सलग दहा दिवस गुंततो. पहिल्या लघुपटात पात्र थोडे आणि नेमक्या जागी दाखवणे म्हणूनच चांगले. बाकी वेळ त्याची सावली, हललेले झुडूप किंवा दचकलेला नट कथा पुढे नेऊ शकतो.

खर्चाचा अडसर पूर्वीपेक्षा खूप कमी झाला आहे. ब्लेंडर हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि २०११ च्या अखेरीस त्यात ट्रॅकिंगची सोय आली. ती कसाला लावण्यासाठी ब्लेंडर फाउंडेशनने ॲमस्टरडॅममध्ये ‘टिअर्स ऑफ स्टील’ (२०१२) हा सुमारे बारा मिनिटांचा मिश्र लघुपट केला आणि चित्रपटासोबत त्याची कामाची सामग्रीही सर्वांसाठी खुली ठेवली. कऱ्हाड किंवा मिरजेतल्या विद्यार्थ्याला शॉट कसे जुळवले आहेत हे त्यातून पाहता येते.