सामान्य नागरिक आणि कायदे करण्याचा अधिकार

शेतकरी, मजूर, टपरीवाला अशा राजकारणाबाहेरच्या माणसाने विधिमंडळात बसावे का, या प्रश्नाला भारतीय संविधानाने होकारच दिला आहे. कलम १७३ आमदारकीसाठी नागरिकत्व आणि वयाची २५ वर्षे मागते, शिक्षण मागत नाही. डॉ. राजेंद्रप्रसादांना हे खटकले होते. कायदा राबवणाऱ्याला पात्रता हवी आणि करणाऱ्याला मात्र निवडून येण्यापलीकडे काहीच नको, याची खंत त्यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलून दाखवली.

खरी अडचण तिकिटाची आणि पैशाची आहे. छत्तीसगडच्या रायपूर जिल्ह्यातील अभनपुर मतदारसंघात २००३ ते २०२३ या पाचही निवडणुका काँग्रेस किंवा भाजपनेच जिंकल्या. त्यांतल्या तीन काँग्रेसच्या धनेंद्र साहूंनी. अनामत रक्कम दहा हजार, पण खर्चाची मर्यादा ४० लाख! त्याच छत्तीसगडमध्ये २०२३ साली साजा येथे ईश्वर साहू या पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या ग्रामस्थाने मंत्री रवींद्र चौबे यांना हरवले, तेही भाजपच्या तिकिटावर. महाराष्ट्रातील डहाणूत एके काळी वडापाव विकणारे विनोद निकोले २०१९ मध्ये आमदार झाले, ते माकपमुळे.

पक्षाविना सामान्य माणसाला कायद्याच्या कामात भाग घेता येतो का, याचे उत्तर छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मिळते. मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. आधी अभ्यासगटात जाणकारांसह विषयाचा कीस काढला जातो, मग तो सभेपुढे येतो. वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना वन विभागाच्याच हातात राहिला. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, हे गाव सांगत राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. कायद्याचे हे वाचन वकिलांच्या नव्हे, गावकऱ्यांच्या बैठकांत पक्के झाले होते.

आयर्लंडमध्येही यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ९९ नागरिकांनी तज्ज्ञांना ऐकून गर्भपातबंदी उठवण्याची शिफारस केली. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती उचलून धरली. अंतिम कायदा मात्र संसदेनेच केला.

म्हणजे सामान्य माणसाची कुवत कमी पडत नाही. त्याला अभ्यासाला वेळ आणि जाणकारांची सोबत द्यावी लागते. अभनपुरच्या ग्रामपंचायतींतही ग्रामसभा आहे आणि गावच्या यादीतला प्रत्येक मतदार तिचा सदस्य आहे.