गॅस गिझरचा पाइप आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा

गॅस गिझरची विषबाधा म्हणजे गॅसगळती, असा अनेकांचा समज असतो. गळतीला वास येतो, कारण एलपीजीमध्ये तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे धोका जळलेल्या गॅसचा आहे. बंद बाथरूममधला ऑक्सिजन कमी होत गेला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही सुरुवातीची लक्षणे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून ती सोडून दिली जातात. काहींना झटका येतो आणि फिट्सची औषधे सुरू होतात. बाथरूममध्ये झटका आला असेल, तर गिझर गॅसचा आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता पाइप. तो गिझरच्या तोंडापेक्षा अरुंद कधीच नसावा. 4 इंची तोंडाला 3 इंची पाइप जोडला, तर वाट जवळजवळ निम्मी होते आणि जळलेला वायू खोलीत परततो. पाइप धातूचा हवा. पीव्हीसी उष्णतेने वाकतो. पंखा नसलेल्या गिझरमधला वायू केवळ गरम असल्यामुळे वर चढतो. म्हणून पाइप आधी सरळ वर जावा, आडवा भाग थोडा आणि बाहेरच्या दिशेने चढता असावा, वळणे कमीत कमी असावीत. (पंख्याच्या गिझरचा उतार वेगळा असू शकतो, कंपनीची पुस्तिका पाहा.) पाइपचे तोंड मोकळ्या हवेत, खिडक्यांपासून दूर उघडावे. सोसायटीच्या डक्टमध्ये सोडलेला वायू शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये शिरू शकतो.

एक्झॉस्ट फॅन लावला की काम झाले, असे नाही. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर हाच पंखा पाइपमधला वायू उलटा आत ओढू शकतो. ताजी हवा आत यायला दाराला खाली जाळी हवीच.

अनेक छोट्या गिझरना पाइप जोडायची सोयच नसते. ते बाथरूममध्ये लावूच नका. मोकळ्या बाल्कनीत चालतील, पण काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत नाही.

कोणी बेशुद्ध पडले, तर दार-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, त्यामुळे तो 98 दाखवू शकतो. नेमके निदान रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या तपासणीने होते. साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला 4-5 तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास. रुग्ण गरोदर असेल, तर बरे वाटले तरी रुग्णालयात न्याच. बाळाला धोका अधिक असतो.

काही रुग्णांमध्ये शुद्धीवर आल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, स्वभावातला बदल, चाल मंदावणे असे त्रास सुरू होतात. तसे दिसले तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि आधीचा प्रसंग नक्की सांगा.