कोर्दोबाची मेस्कीता आणि तीस युरो

स्पेनच्या सहलीला निघालेली ओळखीची मंडळी हल्ली विचारतात, तिकडे काय बघायचं? सहलीच्या यादीत माद्रिद, बार्सिलोना, ग्रॅनाडाचा अल्हाम्ब्रा हे असतंच. कोर्दोबा मात्र 'जाता जाता दोन तास' असं उरकलं जातं. माझं सांगणं एकच, त्या गावाला एक अख्खा दिवस द्या. तिथली एक इमारत नीट बघायलाच दोन तास जातात, आणि तिची मालकी कुणाची हा वाद अजून धुमसतोय.

ही इमारत म्हणजे मेस्कीता. ग्वादलकिविर नदीवरचा जुना रोमन पूल ओलांडला की समोरच दिसते. सन ७५० मध्ये अब्बासींनी दमास्कसच्या उमय्याद घराण्याची कत्तल केली. त्यातून निसटलेला अब्द अल-रहमान नावाचा तरुण राजपुत्र उत्तर आफ्रिकेतून स्पेनला पोचला आणि ७५६ मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. आयुष्याच्या अखेरीस, ७८५च्या सुमाराला, त्याने ही मशीद बांधायला घेतली. पुढच्या दोनशे वर्षांत तिघांनी ती वाढवली.

आत शिरलं की खांबच खांब. आज साडेआठशेच्या वर आहेत. जुन्या भागातले कित्येक खांब मुळात मशिदीसाठी घडवलेलेच नाहीत, रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींमधून आणलेले आहेत. ते बुटके आणि छत तर उंच हवं, म्हणून कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवली. एक पट्टा लाल विटेचा, एक फिकट दगडाचा. अडचणीतून निघालेली ही युक्ती आज त्या वास्तूची ओळख आहे. मिहराबाच्या सोनेरी मोझेइकसाठी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने तुकडे आणि कारागीर पाठवले होते. मशिदीसाठी! राजकारणात सोय बघितली जाते, धर्म नंतर, हे तेव्हाही होतंच.

म्हणून 'सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते' असं चित्र रंगवायला मी तयार नाही. ९९७ मध्ये अल-मन्सूरने सांतियागोचं देऊळ लुटलं आणि तिथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या. १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या, असं बखरकार सांगतात. इब्न रुश्द याच गावचा, पण म्हातारपणी त्याला हद्दपार केलं गेलं. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसही इथलाच. अल्मोहाद राजवटीत त्याच्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. ज्यू वस्तीच्या गल्लीत १३१५ची छोटीशी सिनेगॉग आहे. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवल्यावर तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांचा दवाखाना झाला, मग मोच्यांच्या संघाची प्रार्थनाजागा. पाच-दहा मिनिटांत बघून होते, पण चुकवू नका.

१२३६ नंतर मशिदीचं कॅथेड्रल झालं. तरी जवळजवळ तीनशे वर्षं मूळ सांगाडा बराचसा तसाच राहिला. खरी घालमेल झाली १५२३ मध्ये. बिशप आलोन्सो मान्रिके यांना मधले खांब पाडून नवं भव्य चर्च उभं करायचं होतं. विरोध कुणी केला? मुसलमानांनी नाही, त्यांचा आवाज तेव्हा उरलाच नव्हता. विरोध केला ख्रिस्ती नगरपालिकेने. पाडकामाला हात लावणाऱ्या कारागिराला देहदंड, असं फर्मान त्यांनी काढलं. म्हणणं साधं होतं, हे पाडलं तर पुन्हा असं कुणाला बांधता येणार नाही. प्रकरण सम्राट पाचव्या कार्लोसपर्यंत गेलं आणि त्याने कौल बिशपना दिला. पुढे काम बघून तो स्वतःच हळहळला, असं सांगतात. कुठेही बांधता आलं असतं त्यासाठी जगात एकमेव असलेलं मोडलंत, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला म्हणे. खरं-खोटं देव जाणे. याच कार्लोसने अल्हाम्ब्राच्या आवारात स्वतःचा दगडी राजवाडा घुसवला, तो कोणत्या तोंडाने हळहळणार!

पण दुसरी बाजूही आहे. सेव्हिलची मोठी मशीद पाडून तिथे कॅथेड्रल बांधलं गेलं, उरला तो मिनार आणि अंगण. कोर्दोबाची इमारत चर्च म्हणून वापरात राहिली, म्हणून तरी तिचं छप्पर शाबूत राहिलं, हे मानावं लागेल.

आता तीस युरो. १९८४ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. मालकीची सरकारी नोंद मात्र तोवर झालेलीच नव्हती. २००६ मध्ये बिशपच्या कार्यालयाने ती चर्चच्या नावावर केली, खर्च सुमारे तीस युरो. हे जमलं कसं? फ्रँकोच्या काळातल्या १९४६च्या कायद्याने मालमत्तेच्या नोंदीसाठी चर्चच्या अधिकाऱ्याचा स्वतःचा दाखला पुरेसा मानला होता. प्रार्थनास्थळं त्यातून वगळलेली होती, ती अट १९९८ मध्ये काढली. ही सवलत २०१५ मध्ये बंद झाली, पण तोवर देशभर हजारो मालमत्ता अशा नोंदवून झाल्या होत्या. म्हणजे आपल्याकडे तलाठ्याकडे जाऊन 'मीच मालक, हा माझाच दाखला' म्हणावं आणि सातबारा हातात पडावा, असं झालं.

चर्च म्हणतं, १२३६ पासून आमची वहिवाट आहे, आणि मशिदीच्याही आधी इथे आमचंच सान विसेंते चर्च होतं. या दुसऱ्या दाव्यावर पुरातत्त्ववाल्यांमध्ये एकमत नाही. वहिवाटीचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. काही वर्षं तिथल्या माहितीपत्रकातून 'मेस्कीता' हा शब्दच गायब होता, नुसतं 'कोर्दोबाचं कॅथेड्रल'. साडेआठशे खांब डोळ्यांसमोर आणि हातातल्या कागदावर मशिदीचं नाव नाही! गावकऱ्यांनी ओरड केली, सह्या गोळा केल्या, आणि २०१६ मध्ये 'मेस्कीता-कॅथेड्रल' हे जोडनाव परत आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आत आग लागून एका चॅपेलचं छत कोसळलं, तेव्हा देखभालीला जबाबदार कोण हा प्रश्न पुन्हा निघालाच.

गेलात तर सकाळी साडेआठला दारात उभे राहा. सोमवार ते शनिवार पहिला तास बहुधा फुकट असतो, गटांना मात्र नाही. निघण्याआधी वेळ तपासा. आणि अल-मन्सूरने वाढवलेल्या पूर्वेकडच्या भागात कमानी जवळून बघा, तिथे लाल वीट नाही, दगडावर नुसता लाल रंग दिलाय.