मुंबईच्या बाजारांतील स्विस घड्याळ

आमच्या वऱ्हाडांत काळ मोजण्याचें जुनें साधन म्हणजे घटिकापात्र. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें, सरली. लग्नमुहूर्तास एवढें पुरत असे, आगगाडीस पुरेना. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं खामगांवचा लोहमार्ग खुला केला आणि कापसाच्या व्यापाऱ्यास मिनिटांशीं गांठ पडली. त्यांतही रेल्वेची वेळ मद्रासची, मुंबई शहराची निराळी! १९०६ सालीं सर्व देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबईंत जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती.

तीं मिनिटें दाखविणाऱ्या स्विस घराण्यांपैकीं एकाची हकीकत सांगतों. स्वित्झर्लंडांतील ल लोक्ल गांवीं १७३७ सालीं अब्राहम फाव्र यांची घड्याळजी म्हणून नोंद आढळते. १८१५ सालीं ल्यूबा हें नांव त्यास जोडलें गेलें, आणि १८६५ सालीं फ्रिट्झ फाव्र यांनीं मुंबईशीं व्यापार जोडला. वर्ष पाहा! अमेरिकेंतील यादवी संपून कापसाची तेजी ज्या वर्षीं कोसळली, तेंच हें वर्ष. तरीही ही पेढी टिकली आणि 'फेवर ल्यूबा' हें नांव येथील मध्यम वर्गाच्या ओळखीचें झालें.

या घराण्याची खरी करामत मात्र १९६२ सालची. 'बिव्हुॲक' या मनगटी घड्याळांत त्यांनीं वायुभारमापक बसविला. आंतील निर्वात धातूची डबी उंचावर हवेचा दाब घटला कीं किंचित् फुगते, आणि तें फुगणें कांट्यावर उतरून गिर्यारोहकास आपली उंची ३,००० मीटरपर्यंत वाचतां येते. १९६८ सालच्या 'बॅथी'नें हेंच उलट केलें: पाण्याच्या दाबानें दबणारा पडदा योजून पाणबुड्यास खोली सांगितली. येथें नक्षीसाठीं कांहींच नव्हतें. घड्याळाचें रूप त्याच्या कामांतून निघालें होतें, आणि मला तें म्हणूनच सुंदर वाटतें.

पुढें १९६९ सालीं जपानांतून क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ आलें. अचूक, आणि पुढें स्वस्तही! स्विस कारखाने धडाधड बंद पडले, आणि या घराण्याच्याही हातून पेढी गेली. नांव मात्र विकाऊ राहिलें. २०११ सालीं तें टाटांच्या टायटननें घेतलें, २०२३ सालीं भारतांतीलच एथॉस कंपनीच्या एका शाखेकडे गेलें, आणि २०२४ सालीं जिनीव्हांत 'चीफ', 'डीप ब्लू' हीं जुनीं नांवें नव्या घाटाच्या घड्याळांवर झळकलीं. मुंबईंत माल विकणाऱ्या पेढीचें नांव भारताच्याच मालकीचें व्हावें, ही गंमत आहे.

पण नांव विकत मिळतें, हात मिळत नाहींत. जुनें घड्याळ बिघडलें तर मेहकर-चिखलीचा घड्याळजी डोळ्यास भिंग लावून तें उघडी, धुई, तेल देई. नव्याचें झांकण त्याच्या नातवास उघडतां येईल कीं नाहीं, हें मला त्याच्या तबकडीच्या रंगाहून अधिक विचारावेंसें वाटतें.