पत्ता वाचणे आणि पत्ता नाकारणे

आलेल्या अर्जाची छाननी करणे आणि तो फेटाळणे यांतला फरक प्रशासनात उमेदवारीच्या काळातच शिकवला जातो. संगणकाच्या इतिहासातही हाच फरक महत्त्वाचा ठरला आहे.

मज्जातंतूंचे जाळे कोणते घटनाक्रम ओळखू शकते, या प्रश्नाचा अभ्यास करताना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली एक चिन्हभाषा मांडली. तीच आजची रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षररचनेचे सूत्र. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती मजकूर शोधण्याच्या कामी लावली. पुढे डिसेंबर १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी संकेतस्थळाच्या पत्त्याची रचना ठरवली. जानेवारी २००५ च्या सुधारित दस्तऐवजाच्या (आरएफसी ३९८६) परिशिष्टात पत्ता फोडण्याचे सूत्र अवघ्या एका ओळीत दिलेले आहे. अपूर्णविरामापूर्वी पद्धत, दोन तिरप्या रेघांनंतर यजमानाचे नाव, मग मार्ग, प्रश्नचिन्हानंतर विचारणा आणि शेवटी पानातील जागा, असे पाच भाग ते वेगळे करते. विशेष म्हणजे हे सूत्र कोणताच पत्ता नाकारत नाही. ते फक्त वाचते. निवाडा पुढच्यावर सोडते.

आमच्या कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात मात्र वाचन आणि निवाडा एकाच सूत्रात कोंबले होते: अक्षरे रोमन, शेवट दोन-तीन अक्षरांचा. वास्तविक '.इन्फो' हा चार अक्षरी शेवट २००१ पासून आणि देवनागरी '.भारत' २०१४ पासून उपलब्ध होता. परप्रांतातील एका मराठी मंडळाने अनुदानासाठी आपला '.भारत' पत्ता भरला आणि उत्तर आले, 'अवैध'. आम्ही 'कोणत्याही लिपीचे अक्षर चालेल' अशी दुरुस्ती केली, तरी अर्ज अडलाच! कारण युनिकोडच्या वर्गवारीत 'भा'मधला काना अक्षर नसून जोडचिन्ह आहे. ते उमगेपर्यंत मुदत संपली. नियमावर माझी स्वाक्षरी होती. त्याचा अर्थ मी कधी विचारला नव्हता.

नंतर आम्ही आधी पत्त्याचे भाग पाडायचे आणि शंका आल्यास अर्जदाराला विचारायचे, अशी पद्धत घातली. त्या मंडळाला पुढील वर्षी अनुदान मिळाले; गेलेले वर्ष मात्र परत देता आले नाही.

नियम लिहिणाऱ्याला जेवढे जग ठाऊक असते, तेवढेच त्याच्या सूत्रात मावते. म्हणून नाकारण्याचा अधिकार सूत्राला देताना हात थोडा आखडता घ्यावा, असे मला वाटते.