खर्ऱ्यावर बंदी आहे, मग तोंडं का बंद होत आहेत?

राजेहो, आजची पोस्ट लांब आहे. दहा मिनिटं काढून वाचा. तोंडात खर्रा असेल तर आधी थुंकून या. गंमत नाही करत.

आपल्या खापरखेड्यात कोणाला तोंडाचा कॅन्सर झाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आधीच्या लोकांना काय माहीत होतं बाप्पा, आता आता हे सगळं निघालं." दुसरं, "आमचे आजोबा ऐंशी वर्षं तंबाखू खाऊन जगले, त्यांना काही झालं नाही." दुसऱ्या वाक्याला उत्तर सोपं आहे. जे आजोबा जगले ते दिसले, जे चाळिशीत गेले ते आजोबा झालेच नाहीत. पहिल्या वाक्यासाठी मात्र इतिहास काढावा लागतो. तो आज मांडतो, कारण "माहीत नव्हतं" हे साफ खोटं आहे.

पान-सुपारी आपल्याकडे फार जुनी. तंबाखू तशी नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि दख्खनमध्ये रुजली. साधारण १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून परत गेला, तेव्हा त्यानं तंबाखू दरबारात नेली. म्हणजे दिल्लीच्या बादशहाला तंबाखू दाखवली ती आपल्या दख्खनच्या बाजारानं. पुढच्या काळात ती पानात शिरली, चुन्यासोबत तळहातावर आली. "आपली परंपरा आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की परंपरेत तंबाखू चारशे वर्षांची पाहुणी आहे.

आता डॉक्टरांकडे येऊ. १९०२ साली मद्रासमध्ये निब्लॉक नावाच्या डॉक्टरानं तोंडाचा कॅन्सर आणि पान-तंबाखू चघळणं यांचा संबंध नोंदवला. १९३३ मध्ये त्रावणकोरात काम करणाऱ्या ऑर यांनी पान-सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांच्या कॅन्सरवर 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. तेव्हा आपल्या देशात ब्रिटिश राज होतं.

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथं पॅथॉलॉजीचा विभाग सांभाळायला आले डॉ. वसंत रामजी खानोलकर, आपला मराठी माणूस. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: कोणत्या भागातल्या माणसाला कोणत्या जागी कॅन्सर होतो, आणि त्याची सवय काय? १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासोबत निबंध लिहिला. चुना-तंबाखूची गोळी जिथं दाबून ठेवतात त्याच जागी, खालच्या ओठाच्या आत, कॅन्सर होतो, हे त्यात दाखवलं. आंध्रकडे चुट्टा जळतं टोक तोंडात ठेवून ओढतात, तिथं टाळूला कॅन्सर. म्हणजे जिथं माल ठेवता तिथंच घाव. हे स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी लिहून ठेवलेलं आहे.

१९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांच्या तोंडातली कातडी आतून कडक होत जाते आणि तोंड उघडत नाही. त्यांनी वापरलेलं 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव आजही चालतं. एक वर्ष आधी, १९५२ मध्ये, केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांना हेच दिसलं होतं. आपल्याकडे "त्याचं तोंड उघडत नाही, खर्ऱ्यानं तोंड बसलं" असं म्हणतात ना, तो हाच आजार. मुख्य कारण सुपारी. सुपारीतल्या द्रव्यानं तोंडातले तंतू वाढत जातात, गाल दोरीसारखा ताठ होतो. चुना त्यात भर घालतो, कारण चुन्यामुळं सुपारी आणि तंबाखूतला अर्क लवकर सुटतो.

मग आली आपल्याच राज्यातली सगळ्यात मोठी तपासणी. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. अभ्यास १९७२ मध्ये छापून आला. एक लाखाच्या वर माणसं, खेड्यातली, आपल्यासारखी. तंबाखूची सवय आणि कॅन्सरच्या आधीचे पांढरे चट्टे यांचं नातं त्यात स्पष्ट झालं.

१९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखू घातलेलं पान कॅन्सरकारक असल्याचं जाहीर केलं. २००४ मध्ये त्याच संस्थेनं पुढचं पाऊल टाकलं: तंबाखू नसली तरी नुसती सुपारी माणसात कॅन्सर करते. हे वाक्य आपल्या गावात पोचलंच नाही. "मी तंबाखू सोडली, आता फक्त गोड सुपारी खातो" असं सांगणारे डझनभर लोक मला माहीत आहेत. लहान लेकरांच्या हातात सुपारीची पुडी देणारे आईबापही आहेत.

आता बंदीचा इतिहास. हा ऐकण्यासारखा आहे.

१९७० नंतर पानमसाला-गुटखा कारखान्यात बनायला लागला आणि पुढं लहान पुडीत आला. पान लावायला पानवाला लागतो, पुडीला कोणी लागत नाही. शाळेच्या दप्तरात मावते. महाराष्ट्र सरकारनं १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला. कंपन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बंदी रद्द केली, कारण जुन्या कायद्यात अशी बंदी घालायचा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा आहे. पुड्या परत आल्या. पुढं २०११ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली नवा नियम आला की खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटीन चालणार नाही. त्याच्या आधारे १ एप्रिल २०१२ ला शेजारच्या मध्य प्रदेशानं बंदी घातली, जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं. नंतरच्या आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी आणि नाव घेऊन खर्रासुद्धा आला.

होय, खर्ऱ्यावर बंदी आहे. कागदावर.

बंदी पुडीसाठी सोपी होती. पुडीला कारखाना असतो, ट्रक असतो, गोदाम असतं, छापा टाकता येतो. खर्ऱ्याला कारखाना कुठं आहे? सुपारीची कतरण, तंबाखू, चुना आणि एक पन्नी. पानठेल्यावर तुमच्यासमोर घोटून देतात, आता तर घोटायची मशीनही आली. घोटणारा तुमच्याच वॉर्डातला, तुमच्याच वर्गातला, त्याचं घर त्यावर चालतं. पोलीस भाऊ पण तिथंच उभा राहून बांधून घेतो. सुगंधी तंबाखू दुसऱ्या राज्यातून लपूनछपून येते, पकडल्याची बातमी आम्ही छापतो, दुसऱ्या दिवशी पानठेला तसाच चालू. म्हणून मी फक्त "पानठेले बंद करा" एवढी घोषणा देणार नाही. गरीब माणसाच्या ठेल्यावर कारवाईचा फोटो छापून मोठा पुरवठादार सुटतो, हे इतकी वर्षं पाहतोय.

आपल्या भागाचं अजून एक कारण आहे. हा कोळशाचा आणि विजेचा पट्टा. सिल्लेवाडा, वलनीच्या जमिनीखालच्या खाणीत बिडी-माचिस न्यायला कायद्यानं मनाई, कारण वायूचा स्फोट होऊ शकतो. मग तलब लागली की तंबाखू चघळायची. बारा-बारा तास गाडी चालवणारा ड्रायव्हर, राखेत काम करणारा ठेकेदारीतला मजूर, रात्रपाळीचा गार्ड, सगळ्यांना झोप मारायला आणि भूक दाबायला हेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास २४ टक्के प्रौढ लोक धूर न करणारी तंबाखू वापरत होते आणि ओढणारे फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. आपला प्रश्न धुराचा नाही, तोंडाचा आहे.

मोठ्या माणसांनाही हा आजार सोडत नाही. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, आणि गुटख्याच्या सवयीची किंमत काय पडली हे त्यांनी स्वतः जाहीर सभेत सांगितलं. आर. आर. आबा, आपल्या गडचिरोलीचे पालकमंत्री राहिलेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला ५७ व्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरनं गेले. राज्याचं गृहखातं सांभाळलेला माणूस. पैसा, ओळख, मुंबईतले डॉक्टर, सगळं हाताशी असून गेले.

मग उपाय काय? त्याचंही उत्तर जुनंच आहे. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला: तीन जिल्ह्यांतल्या ३६,००० तंबाखू खाणाऱ्यांना गावात जाऊन, तोंड तपासून समजावलं. बऱ्याच जणांनी सोडली आणि पांढरे चट्टे नव्यानं येणं कमी झालं. त्यानंतर केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून साध्या आरोग्य सेवकांनी उजेडात तोंड उघडून बघायचं काम केलं. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. मशीन नाही, स्कॅन नाही. नजर आणि बॅटरी.

आपल्याकडे हे होऊ शकतं. सरकारच्या नियमाप्रमाणे ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला पाहिजे, दर पाच वर्षांनी. खाणीत दर पाच वर्षांनी कामगाराची वैद्यकीय तपासणी कायद्यानं बंधनकारक आहेच, छातीचा एक्स-रे काढतात. त्यात दोन मिनिटं तोंडासाठी राखून ठेवा, एवढी मागणी युनियनवाल्यांनी करावी. पॉवर हाऊसच्या आरोग्य शिबिरात बीपी-शुगरच्या टेबलाशेजारी एक दाताचा डॉक्टर बसवा. ठेकेदाराच्या मजुरालाही त्या रांगेत उभं राहू द्या, कारण सगळ्यात जास्त खर्रा तोच खातो आणि सगळ्यात उशिरा तोच पोचतो. ग्रामसभेत हा विषय आणा. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकणं गुन्हा आहे, तेवढं तरी मोजून घ्या.

आणि घरी आज रात्री एवढं करा. आरशासमोर, मोबाइलच्या उजेडात:

– तुमचीच तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का? जात नसतील तर डॉक्टरला दाखवा.
– गालात, जिभेखाली, ओठाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? लाल जास्त धोक्याचा.
– तीन आठवडे होऊनही न भरलेला छाला?
– तिखट खाल्लं की आग, विनाकारण हलणारा दात, मानेत गाठ, गिळताना त्रास?

यातलं एक जरी असेल तर मेडिकलवरून मलम आणू नका, झाडपाल्यावर महिना घालवू नका. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो, रेशनकार्ड-आधार सोबत न्या. चट्टा असतानाच गेलात तर बऱ्याचदा सवय सोडून आणि लहान इलाजावर भागतं. जबडा काढायची वेळ आली की घर, शेत, लेकरांचं शिक्षण, सगळं त्यात जातं.

सोडायची असेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे. पहिले तीन-चार दिवस जड जातात, चिडचिड होते, हे घरच्यांनी समजून घ्या.

वहिनींनो, ताईंनो, तुम्हीही बघा. मिश्री, नस, गुडाखू लावणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, त्यांचं तोंड कोणी तपासत नाही.

तुमच्या गावात तोंडाची तपासणी कधी झाली होती, उपकेंद्रात काय उत्तर मिळालं, कमेंटमध्ये लिहा. नावं न छापता पुढं मांडतो. पोस्ट पटली तर शिफ्टच्या ग्रुपवर टाका.