मेरुप्रस्तार आणि संभाव्यतेचें गणित

संभाव्यतेच्या गणिताचा उगम भारतांत झाला, असें विधान अलीकडे वारंवार कानीं येतें आणि छंदःशास्त्रांतील मेरु हा त्यास आधार म्हणून दाखविला जातो. उलटपक्षीं, कित्येक विद्वान् त्याच मेरूस केवळ 'पास्कलचा त्रिकोण' या नांवानें ओळखतात. त्यास पूर्वींचा इतिहास आहे, हें त्यांच्या गांवींहि नसतें. या दोन्ही पक्षांची साधनांवरून छाननी करून आमच्या पूर्वजांचें श्रेय नेमकें किती, हें ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनें पाहूं. अक्षर लघु तरी असतें किंवा गुरु तरी. म्हणून चार अक्षरांच्या चरणाचीं एकंदर रूपें १६ होतात. त्यांपैकीं एकहि गुरु नसलेलें १, एक गुरु असलेलीं ४, दोन असलेलीं ६, तीन असलेलीं ४ व सर्वगुरु १. या गणनेस एकद्व्यादिलगक्रिया असें नांव आहे. पिंगलसूत्रांवर दहाव्या शतकांत टीका लिहिणाऱ्या हलायुधानें तिच्यासाठीं मेरूची रीति स्पष्ट सांगितली आहे: वर एक घर, त्याखालीं दोन, त्याखालीं तीन, अशीं घरें मांडावीं, कडेच्या घरांत १ लिहावा व मधल्या प्रत्येक घरांत वरच्या दोन घरांची बेरीज भरावी. पास्कलचा या त्रिकोणावरील ग्रंथ त्याच्या मरणानंतर १६६५ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां मेरूचें पूर्वत्व निर्विवाद आहे.

ही विद्या छंदापुरतीच राहिली नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या गंधयुक्तिप्रकरणांत सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार दिले आहेत. नवव्या शतकांत महावीराचार्यानें गणितसारसंग्रहांत अशा निवडीचा सर्वसामान्य नियम दिला. भास्कराचार्यानें लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) आठ वातायनांच्या राजवाड्याचें उदाहरण घातलें आहे. एक, दोन, तीन या क्रमानें वातायनें उघडण्याचे प्रकार ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८ व १, मिळून २५५ होतात. सर्व बंद ठेवण्याचा एक प्रकार मिळविला कीं २५६, म्हणजे अष्टाक्षरी चरणाचीं सर्व रूपें. भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्याचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा लेख चाळीसगांवाजवळील पाटण येथें आहे. त्यावरून या विद्येची परंपरा आपल्या प्रांतांत नांदत होती, हें दिसतें.

आतां संभाव्यतेकडे वळूं. नाणें आठ वेळां उडविलें, तर बरोबर चार वेळां छाप पडण्याचा संभव किती? छाप म्हणजे गुरु व कांटा म्हणजे लघु मानल्यास उत्तर मेरूंतच आहे: २५६ पैकीं ७०, म्हणजे शेंकडा सुमारें २७.३. यासच आज द्विपद वितरण म्हणतात. परंतु फांशावर सहा पडणें व न पडणें या गोष्टी समबल नाहींत. पहिलीस एक वाट आहे, दुसरीस पांच. म्हणून फांसा चार वेळां टाकला असतां मेरूच्या १, ४, ६, ४, १ या ओळीस अनुक्रमें ६२५, १२५, २५, ५ व १ यांनीं गुणावें लागतें. गुणाकार ६२५, ५००, १५०, २० व १ असे येतात. त्यांची बेरीज १२९६. एकहि सहा न पडण्याच्या वाटा ६२५, निदान एकदां पडण्याच्या ६७१. पास्कलनें फेर्माला २९ जुलै १६५४ रोजीं लिहिलेल्या पत्रांत हेंच ६७१ विरुद्ध ६२५ हें प्रमाण आढळतें. पुढें याकोब बेर्नूलीच्या १७१३ सालीं छापलेल्या ग्रंथानें या विचारास शास्त्राचें रूप दिलें. १७३३ सालीं द म्वाव्र यानें, ओळ लांब होत गेली कीं तिचे आंकडे घंटेच्या आकाराच्या एका वक्ररेषेजवळ येतात, हें दाखविलें. तीच आजच्या प्रसामान्य वितरणाची रेषा. आठाच्या आंखूड ओळींतहि तिच्यावरून मधला संभव शेंकडा २८.२ येतो, खरा २७.३ आहे, हें वर आलेंच.

मग आमच्याकडे उणें काय होतें? आंकडे होते, रीति होती. परंतु १६ रूपें सारखींच संभवनीय मानून ६ ला १६ नें भागावें, हा प्रश्नच वर उल्लेखिलेल्या ग्रंथांत कोठें विचारलेला नाहीं. त्याचें कारणहि उघड आहे. कवि चरण दैवयोगानें निवडीत नाहीं. अनुष्टुभाच्या सम चरणांत पांचवें अक्षर लघु, सहावें गुरु व सातवें लघु असा सामान्य नियम आहे. तेवढ्यानेंच २५६ रूपांपैकीं ३२ उरतात. छांदसिकास 'किती रूपें शक्य' हें हवें होतें. 'कोणतें रूप किती वेळां येईल' हें नव्हे. द्यूताशीं संख्येचा संबंध मात्र महाभारतकारास जाणवला होता. वनपर्वांत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें न मोजतां सांगतो, बाहुकरूपी नल पडताळा पाहतो, आणि पुढें त्यास अक्षहृदय प्राप्त होतें. पण त्या विद्येची रीति तेथें दिलेली नाहीं. आणि ज्याची रीति उपलब्ध नाहीं, त्याच्या नांवावर शास्त्र चढविणें इतिहासास संमत नाहीं.

सारांश, मोजण्याची विद्या आमची. मोजलेल्या प्रकारांस संभवाचें वजन देण्याची युक्ति युरोपांतील गणितज्ञांची. एकीवांचून दुसरी उभी राहिली नसती, म्हणून पहिलीचें महत्त्व तिळभरहि उणें होत नाहीं. मात्र त्यावरून मेरु युरोपांत येथूनच गेला, असेंहि म्हणूं नये. तसें म्हणावयास पुरावा हवा. पूर्वजांस जें त्यांचें तें पूर्णपणें द्यावें आणि जें त्यांनीं मागितलें नाहीं तें त्यांच्या पदरीं बांधूं नये, यांतच त्यांचा खरा मान आहे.